जुन्या गाड्यांच्या बातमीत मिस्त्री कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या रॅलीवर आलेला लेख इथे इंग्लंडमध्ये वाचला. फोटो सुरेख होते. मालकांची नावं होती, कुणाच्या आजोबांनी कोणत्या संस्थानिकाकडून गाडी घेतली तेही होतं. पण त्या गाड्यांचा पत्रा कुणी बदलला, इंजिन कुणी बांधलं, याबद्दल एक ओळही नव्हती. शेवटी तर ‘हा श्रीमंतांचा छंद’ असा शेरा मारून लेखकाने विषय संपवला आहे. तो मला मुळीच पटला नाही, म्हणून हे पत्र.

मी ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डन या गावी राहतो. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या स्पोर्ट्स गाड्या १९२९ पासून इथे बनत. कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा आटोपतो न आटोपतो तोच, सप्टेंबर १९७९ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये एमजीबी या मॉडेलची शेवटची गाडी बाहेर पडली. १९६२ पासून तोवर या एका मॉडेलच्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. त्यातल्या आजही रस्त्यावर दिसतात, त्या कुणा धनिकाच्या संग्रहालयामुळे नव्हे. शनिवारी सकाळी इथल्या गल्ल्यांतून चालत गेलं की उघड्या गॅरेजांमधून ग्राइंडरचा आवाज येतो. गॅरेज म्हणजे घराला लागून एक गाडी मावेल एवढी खोली. त्यातच फ्रीझर, मुलांच्या सायकली, आणि उरलेल्या जागेत स्टँडवर चढवलेली एखादी एमजीचीच छोटी मिजेट किंवा ट्रायम्फ कंपनीची स्पिटफायर. मालक कुणी शाळामास्तर, कुणी नर्स, कुणी बसचालक. जग्वार ई-टाइपसारखी महागडी गाडी बाळगणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यातले बरेच जण काम पगारी कारागिरांकडून करून घेतात. एमजीबी, मिजेट, स्पिटफायर या मात्र मध्यमवर्गाला परवडाव्यात म्हणून रोजच्या घरगुती गाड्यांचे भाग वापरूनच घडवलेल्या. म्हणून तर त्या घरच्या घरी खोलता येतात आणि बांधताही येतात.

हे काम काय असतं ते सांगतो. एमजीबीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही; पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. उघड्या टपाच्या गाडीला छताचाही आधार नाही. त्यामुळे दोन्ही दारांखालून जाणारे पोकळ पत्रे, ज्यांना सिल म्हणतात, त्यांच्यावर सगळी मदार. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. पुढच्या चाकाने उडवलेला खारट चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, तिथेच ओला राहतो आणि सिल आतून गंजत जातं. वरून रंग चकचकीत, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला की पत्रा आत जातो. कितीतरी गाड्यांवर आधीच्या कुणीतरी गंजावरच नवा पत्रा ठोकून वर लांबी (पुटी) भरलेली सापडते. ते सगळं कापून काढावं लागतं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पाइप वेल्ड करून घ्यायचा, नाहीतर गाडी मधोमध बसते आणि दार काही नीट लागत नाही. एका वेळी एकाच बाजूला हात घालायचा. आतला पडदा, खालची पट्टी, बाहेरचा पत्रा, एकेक थर क्लॅम्पने धरायचा, दार लावून फट बघायची आणि मगच वेल्डिंग. मी ज्यांच्या हाताखाली हे शिकतो ते शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत. वेल्डिंगचा तात्पुरता टाका मारण्याआधी ते दार लावून बघतात, वेल्ड थंड झालं की पुन्हा लावून बघतात, आणि फट खाली रुंद, वर अरुंद दिसली तर न बोलता ग्राइंडर उचलतात. एका बाजूलाच कित्येक शनिवार जातात. एवढी मेहनत दोन शब्दांत छंदाच्या खात्यावर टाकणं हा अन्याय आहे.

पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरचंही तेच. एमजीबीला एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर असतात आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. इंजिन गरम करायचं, एअर फिल्टर काढायचे, रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडून सारखाच सूं-सूं आवाज येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. नंतर कार्बोरेटरमधल्या पिस्टनखालची बारीक पिन जेमतेम मिलिमीटरभर उचलायची. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त जातंय, इंजिन बंद पडायला लागलं तर कमी पडतंय, किंचित वाढून जागेवर आलं तर बरोबर. ही रीत छापील मॅन्युअलमध्ये आहे, पण कान तयार होतो तो जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच.

आता प्रश्न असा, की कारखाना बंद होऊन चार दशकं उलटली तरी हे चालतं कसं? सुटे भाग मिळतात म्हणून. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९७५ साली निघाली. तिने पत्रे दाबायचे जुने डाय (साचे) जमवले आणि १९८८ पासून एमजीबीचा अख्खा नवा सांगाडा बनवायला सुरुवात केली. गेडनच्या मोटार संग्रहालयात कारखान्यांची दप्तरं जपून ठेवली आहेत. चासी नंबर कळवून शुल्क भरलं की आपली गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, कोणत्या देशात गेली, याचा दाखला मिळतो. एमजी कार क्लब १९३० पासून आहे, त्याचं कार्यालय याच गावात. सरकारनेही वाट मोकळी ठेवली आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि मे २०१८ पासून, गाडीत मोठे फेरफार केले नसतील तर, वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. (तपासणी तरीही करून घ्यावी, या मताचा मी आहे. साठ वर्षांच्या ब्रेक पाइपवर नुसता विश्वास ठेवून चालत नाही.) सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याला टिकणार नाहीत हे धरून पाच टक्क्यांचं सुपर पेट्रोल पंपांवर चालू ठेवलं. आपल्याकडे वीस टक्के आलं, पण बहुतेक पंपांवर जुन्या गाडीवाल्याला निवड करायला दुसरं काही नाही.

यात महाराष्ट्राचा काय संबंध, असं वाचक विचारतील. आपल्या सरकारी कचेऱ्यांसमोर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ॲम्बॅसडर गाड्या आठवा. त्यात बसवलेलं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे बीएमसीचं, अर्थात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सीरिज. १९५५ साली ॲबिंग्डनमधून बाहेर पडलेल्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स कारमध्येही तेच १४८९ सीसीचं बी-सीरिज होतं, फक्त दोन कार्बोरेटर लावून जास्त ताकद काढलेली. एमजीबीत ते १७९८ सीसीचं झालं. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला, ८८.९ मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच राहिला. स्पिटफायरचंही असंच आहे. तिचा पाया ट्रायम्फ हेराल्डचा, आणि हीच हेराल्ड मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड या नावाने बनत होती. जिचं पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट उघडायचं, ती. थोडक्यात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा सोलापूर, औरंगाबादच्या गल्ल्यांमध्ये ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर ॲम्बॅसडरची हेडं उतरवली, व्हॉल्व्ह घासले, टॅपेट लावले, त्यांना एमजीबीचं इंजिन परकं नाही. माझं लहानपण कोल्हापुरात गेलं. तिथले लेथवाले नमुना हातात घेऊन बुश, पिन, शाफ्ट करून द्यायचे, ड्रॉइंग मागायचे नाहीत. मी हे इथल्या शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘ते लोक हे कुणाला शिकवतात?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे ही काळजी घेतली जाते. जवळच बिस्टरला हवाई दलाच्या जुन्या तळावर जुन्या गाड्यांच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या आहेत आणि तिथे तरुण मुलंमुली हेच काम उमेदवारी करून शिकतात. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं आली, वीस हजार रुपये शुल्क ठरलं. चांगलं पाऊल आहे. पण नोंदणी कागदावर होते. ती गाडी चालू ठेवणारा मिस्त्री साठी-सत्तरीत आहे, आणि त्याच्या मुलाने केव्हाच मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. मुलाचा दोष नाही. वडिलांच्या कामाला ना दाम उरला ना मान, तर तो त्यात कशाला पडेल?

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. पुढच्या रॅलीचं वार्तांकन करताना प्रत्येक गाडीखाली मालकाच्या नावाबरोबर ती दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि गाव छापा. आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या वार्ताहरांकडून अशा जुन्या मिस्त्रींच्या मुलाखतींचं एक सदर सुरू करा. कौतुकाचे चार शब्द लिहून भागणार नाही. कोणता भाग कशाला पर्याय म्हणून बसतो, कोणती धातुपट्टी कुठे मिळते, कोणता आवाज आला की काय समजायचं, असं कामाचं सगळं त्यात तपशीलवार यावं. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक वर्गांनी ते सदर फळ्यावर लावावं आणि भंगारात निघालेलं एखादं ॲम्बॅसडरचं इंजिन मुलांना खोलायला द्यावं. सुरुवातीला एवढंही पुरे. बी-सीरिज इंजिन आणि एसयू कार्बोरेटर यांच्याबद्दल मला इथे शिकायला मिळालं ते मराठीत लिहून पाठवायला मी आनंदाने तयार आहे. आपण कळवलंत की लगेच बसतो.

आपला,
कोल्हापूरचा एक वाचक
ॲबिंग्डन, ऑक्सफर्डशायर