चकलीची चकती

लंडन, मंगळवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

सोऱ्या पोचला. फोनवर एवढंच सांगितलं तर आई, तू लगेच विचारलंस, "मग आवाज असा का?" मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नाही. व्हिडिओ कॉलवर तू चेहरा वाचतेस, म्हणून लिहून पाठवतोय. आधीच सांगतो, मला कुणी हात लावलेला नाही, व्हिसाचीही काही भानगड नाही.

काकू ठरल्याप्रमाणे शनिवारी स्टेशनवर भेटल्या. त्यांची लेक बाहेर गाडीत खोळंबली होती, त्यामुळे पिशवी हातात देऊन लगेच गेल्याही. पिशवी म्हणजे आपली तीच, साड्यांच्या दुकानातली, एक बंद तुटलेली, सुतळीने करकचून बांधलेली. माझ्या गाडीला वीस मिनिटं होती. पिशवी बाकापाशी ठेवली आणि समोर चहा घ्यायला गेलो. पंधरा पावलं असतील.

इथे स्टेशनांवर सारखी एक घोषणा चालू असते, 'सी इट, से इट, सॉर्टेड'. म्हणजे काही वावगं दिसलं तर सांगा, आम्ही बघून घेतो. आपल्या 'कृपया ध्यान दें'सारखीच, रोज ऐकून ऐकू येईनाशी झालेली. कुणाला तरी त्या दिवशी ऐकू आली असणार.

चहा घेऊन वळलो तर बाकापाशी दोन पोलीस. एक बाई, एक बाप्या. अंगात जाड जाकिटं, गळ्यात आडव्या आखूड काळ्या बंदुका. बाबा, इथले पोलीस बिनबंदुकीचे असतात हे मीच तुम्हाला कौतुकाने सांगितलं होतं. ते खरंच आहे. १८२९मध्ये लंडनचं पोलीस दल उभं राहिलं तेव्हापासून साधा शिपाई दंडुक्यावर फिरतो, आजही बहुतेकांकडे बंदूक नसते. म्हणूनच असते तेव्हा अंगावर येते. आपल्याकडे बँकेच्या दारातले काका डबल बॅरल मांडीवर घेऊन डुलक्या काढतात, आणि त्या नळीला छत्री अडकवायलाही आपण कमी करणार नाही.

मला त्या बाईंचं फक्त बोट दिसत होतं. चापावर नव्हतं, चापाच्या वर, सरळ ताठ ठेवलेलं.

"ही तुमची?" त्यांनी विचारलं. अगदी सौम्यपणे. 'हो' एवढं पुरलं असतं. मी नाव सांगितलं, कंपनी सांगितली, राहतो कुठे ते सांगितलं, मग आजी, मग दिवाळी, आणि बघता बघता भाजणीत काय काय घालतात इथपर्यंत पोचलो. कुणी विचारलेलं नसताना. आणि सगळा वेळ हसत होतो. एका हातात चहा, दुसऱ्या हाताचा पंजा त्यांना दिसेल असा उघडा. हे मला कुणी कधी शिकवलं होतं?

पिशवी उघडायला सांगितली. आई, तुझी गाठ! ती कुणाच्या बापाला सुटायची नाही. किल्लीने सुतळी कापावी म्हणून हात खिशाकडे गेला आणि निम्म्यावर थांबला. "खिशात हात घालू का?" असं मी विचारलं. माझ्याच खिशात. त्या म्हणाल्या, सावकाश.

वर्तमानपत्राच्या चार घड्या सोडवल्यावर सोऱ्या बाहेर आला. तुला सोऱ्या म्हणजे सोऱ्या दिसतो. मला त्या घडीला तो त्यांच्या डोळ्यांनी दिसला. जड पितळी नळकांडं, दोन्ही तोंडं बंद, वर फिरवायची मूठ. इथल्या रेल्वे पोलिसांची बेवारस वस्तूसाठी तीन प्रश्नांची पद्धत आहे, नंतर वाचली. वस्तू दडवून ठेवलीय का, उघडउघड संशयास्पद आहे का, आणि त्या जागी नेहमी दिसणारी आहे का. तिसऱ्या प्रश्नात आपला सोऱ्या साफ नापास.

बाईंनी वाकून त्यावर कोरलेली अक्षरं बघितली. काय लिहिलंय? म्हटलं, आजीचं नाव आणि १९६४. यातून बाहेर काय येतं? मी हवेत बोटाने वेटोळं काढून दाखवलं. मघापासून गप्प असलेला बाप्या तेव्हा हसला. मी उकलत असताना चकत्यांची पुडी सुटली आणि चकलीची चकती नाण्यासारखी घरंगळत खाऊ-कोल्ड्रिंकच्या मशीनखाली गेली. तिची कड दिसत होती. "पुन्हा सामान सोडून जाऊ नका, दिवाळीच्या शुभेच्छा," म्हणून ते निघून गेले. सगळं मिळून चार मिनिटं. चहा गरम होता अजून.

मी ती चकती उचलली नाही. मशीनखाली हात घालायचा म्हणजे गुडघ्यावर बसायचं, लोक बघत होते, आणि ते दोघं अजून पाठमोरे दिसत होते. गाडीत बसलो तेव्हा पाय लटपटायला लागले.

माझ्या रोजच्या वाटेवर स्टॉकवेल नावाचं स्टेशन आहे. बाहेर भिंतीवर रंगीत तुकड्यांचं एका तरुणाचं चित्र आहे. जाँ शार्ल्स द मेनेझेस, २७ वर्षांचा, ब्राझीलचा, इथे वायरमनचं काम करायचा. २००५च्या ७ जुलैला इथे बॉम्ब फुटून ५२ माणसं गेली, २१ला आणखी चार फुटता फुटता राहिले. पोलीस ज्या संशयितावर पाळत ठेवून होते तो याच्याच इमारतीतला. २२ तारखेला सकाळी हा घरातून निघाला, पोलिसांनी तो 'तोच' समजला आणि गाडीच्या डब्यात त्याला डोक्यात गोळ्या घातल्या. काल पहिल्यांदा तिथे उभं राहून ते चित्र नीट बघितलं. आई, दाढी काढ असं लगेच म्हणू नकोस. त्याला दाढी नव्हती.

आणि तरी, बाबा, बंदुकीवाले पोलीस नकोत असं तुमच्यासमोर म्हणायला मला तोंड नाही. २६ नोव्हेंबर २००८. मी नववीत होतो. तुम्ही व्हीटीहून अर्धा तास आधी निघालात म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय. त्या रात्री एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर तिथल्या पोलिसांकडे लाठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या. तुम्ही त्या रात्रीबद्दल एकदाच बोललात, तेही स्टेशनचे उद्घोषक विष्णू झेंडे यांच्याबद्दल, ते माइकवरून लोकांना मागच्या बाजूने बाहेर काढत राहिले म्हणून. स्वतःबद्दल कधीच नाही.

एक मात्र आठवतंय. त्यानंतर स्टेशनात वाळूच्या पोत्यांमागे शिपाई बसायला लागले, आणि तुम्ही जेवणाचा डबा बॅगेत सगळ्यात वर ठेवायला लागलात. आई म्हणायची, आमटी सांडेल, खाली ठेवा. तुम्ही काही न बोलता पुन्हा वर ठेवायचात. मी तेव्हा हसलो होतो.

काल त्या स्टेशनवर परत गेलो. मशीनखाली मोबाइलचा उजेड टाकून बघितलं, या वेळी गुडघ्यावर बसून. झाडून नेलेलं होतं.

तर यंदा शेव. तिची चकती आहे, गाठ्यांचीही आहे. आजीच्या मापाचं नवीन काही बसणार नाही, म्हणून सोऱ्याचं तोंड कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल काढलाय, सोबत जोडतोय. बाबा, तो घेऊन स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडे जाल का? पितळेचीच मिळाली तर बघा. कड थोडी जास्त असली तरी चालेल, मी इथे घासून घेईन. घाई नाही, काकूंचे जावई जानेवारीत येणार आहेत.

तुमचा,
धाकटा