शस्त्रबंदी मोडणारे : तिकडचे आणि नागपूरचे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या कायदेभंगावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. ‘या लोकांनी गांधीजींचे नाव घ्यावे तरी कशाला?’ हा लेखकाचा सवाल टाळ्या घेणारा आहे, पण प्रकरण तेवढ्यावर मिटत नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना काढलेल्या पत्रकात गांधीजींनी शस्त्रबंदीचा कायदा हे इंग्रजी राज्याच्या पापांतले सर्वांत काळे पाप ठरवले होते. जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉय आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्यांची मागणी होती. मात्र परवान्यांवर लोकांचा ताबा हवा, ही अट तिच्यातच होती. बंदूकवाले पहिले वाक्य मिरवतात आणि ही अट गिळतात.

शिवाय शस्त्रबंदीविरुद्ध सत्याग्रह आमच्या नागपुरातच होऊन गेला आहे. १९२३ चा झेंडा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. १९२७ मध्ये ‘जनरल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंचरशा आवारींनी केलेला लढा मात्र नागपूरकरांनाही सांगावा लागतो. हे पारशी गृहस्थ काँग्रेसचे कार्यकर्ते. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्रकायद्याने गोऱ्यांना मोकळीक दिली आणि हिंदी माणसाला परवान्यासाठी साहेबाच्या दारात उभे केले. पुढे नियम बदलले, तरी मर्जी साहेबाचीच राहिली. आवारी आणि त्यांचे साथीदार विनापरवाना तलवारी घेऊन भर रस्त्यातून मिरवणुकीने निघाले. बंगालमध्ये खटल्याविना डांबलेल्या राजबंद्यांना सोडा, हीही त्यांची मागणी होती. आवारी तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी प्रदीर्घ उपोषण केले. गंमत अशी, की खुद्द गांधीजींनी या लढ्याला संमती दिली नाही. हातात तलवार आणि तोंडी सत्याग्रह, हे त्यांना पटणारे नव्हते.

मला स्वतःला आवारींची बाजू अधिक पटते, कारण त्यांची तलवार कोणाला भिववण्यासाठी नव्हती, पकडले जाण्यासाठी होती. आता अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याची राजधानी ऑलिम्पिया इथला डिसेंबर २०१४ मधला प्रकार पाहा. खासगी व्यवहारातही बंदूक घेणाऱ्याची पूर्वतपासणी व्हावी, असा कायदा त्या राज्याच्या मतदारांनीच नोव्हेंबरमध्ये मंजूर केला होता. पुढच्याच महिन्यात विधिमंडळासमोर जमून लोकांनी ‘आम्ही पाळणार नाही’ म्हणत एकमेकांच्या हातात बंदुका दिल्या. पोलिसांनी कोणालाच हात लावला नाही आणि मंडळी घरी गेली. याला फार तर निदर्शन म्हणू. तरी निदान ते उघड्यावर आले होते, एवढे श्रेय द्यायला हवे.

तिथल्याच इलिनॉय राज्याचा प्रकार त्याहून वाईट. तिथे जानेवारी २०२३ मध्ये ठरावीक अर्धस्वयंचलित बंदुकांच्या विक्रीवर बंदी आली आणि जवळ असलेल्यांची नोंदणी सक्तीची झाली. निम्म्याहून अधिक काउंट्यांच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या) शेरीफांनी, म्हणजे पोलीसप्रमुखांनी, जाहीर केले, की आम्ही ही नोंदणी तपासणार नाही. कायदा राबवण्याचा पगार घ्यायचा, कमरेला सरकारी पिस्तूल लावायचे आणि वर कायदेभंगाचा मानही घ्यायचा! कायदा पटत नसेल तर राजीनामा द्यावा. आमच्याकडे १९२१ साली असहकारात शिकल्यासवरल्या माणसांनी वकिली आणि नोकऱ्या सोडल्या होत्या.

आमच्या उमरेडच्या काकांकडे रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधतात, पावती मिळते, निकाल लागला की काका पावती घेऊन परत जातात. कटकट आहेच, काका दर वेळी शिव्या घालतात. पण ही कटकट आणि १८७८ चा कायदा एकाच तराजूत घालणारे लोक इकडेही भेटू लागले आहेत, म्हणून हे लिहिले.

२०२७ मध्ये आवारींच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. आपल्या नागपूर आवृत्तीने त्या वेळच्या वृत्तपत्रांच्या फायली काढून त्यावर एक पान द्यावे, ही विनंती. गांधीजींचा विरोधही त्यात छापावा.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर