नाना, त्या रात्री बॅटरी तुम्ही आईच्या हातात दिलीत

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या निफाडकडच्या शेडवर येऊन गेलात त्याला पंधरा दिवस झाले. फोनवर तुमचं नाव निघालं तरी आईचा आवाज भरून येतो, म्हणून मीच लिहितेय. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय.

आमची ती वाइनची पहिलीच टाकी. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांचा खुडा २२ ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण २२ टक्के साखर असताना केला, यीस्ट आईने स्वतःच्या हाताने सोडलं. रोज ती बागेतल्याच रिफ्रॅक्टोमीटरवर, मण्याची गोडी मोजायच्या यंत्रावर, रसाची गोडी बघायची आणि आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहायची. आकडा उतरत उतरत ८ वर आला आणि तिथेच बसला. सहा दिवस आठच. म्हणजे साखर शिल्लक असतानाच आंबणं अडकलं, असं आम्ही समजलो. घरात कुणी कुणाशी बोलेना. यीस्ट भिजवताना पाणी जास्त तापलं असेल, माझ्याच हातून टाकी गेली, असं आईने मनाशी धरलं होतं.

फी मोजून नेमलेले सल्लागार साहेब टाकीपाशी एकदाही आले नाहीत. फोनवरूनच पुन्हा यीस्ट टाकायला लावलं, मग म्हणाले, व्हिनेगरवाल्याला देऊन टाका. वर हेही ऐकवलं, की हे घरातल्या बाईमाणसाचं काम नाही. तो राग अजून गेलेला नाही, नाना.

आणि तुम्ही आलात ते पंपाची मोटार भरून द्यायला! २००१ च्या वाइन धोरणानंतर आपल्याकडे वायनऱ्या उभ्या राहिल्या, २००८ च्या मंदीनंतर कितीतरींना कुलपं लागली. त्यातल्याच एका कुलपामागे तुमची सेलरमधली नोकरी गेली, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आईने सहज विषय काढला. तुम्ही काही बोलला नाहीत. रात्री जेवण करून परत आलात, मफलरमध्ये गुंडाळलेला तुमचा जुना हायड्रोमीटर घेऊन, रसात तरंगत त्याची घनता दाखवणारी ती काचेची नळी.

टाकीतला नमुना तुम्ही एका पेल्यातून दुसऱ्यात, चहा निववतात तसा, पुन्हा पुन्हा ओतलात. बुडबुडे काचेला चिकटले की हायड्रोमीटर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो, एवढंच म्हणालात. हायड्रोमीटर जारमध्ये सोडलात, तो डुलत थांबला. मी बघत होते, तुमची नजर आकड्यावर गेलीसुद्धा नाही. बॅटरी आईच्या हातात देऊन म्हणालात, "ताई, वाचा."

आई खाली वाकली. डोळ्यांच्या पातळीवर आली. ०.९९५. तिला वाटलं चुकलंच. पुन्हा वाचलं. पाण्याचे १.०००, साखर असली की आकडा त्याच्या वर, आणि आमची वाइन त्याच्याही खाली.

"टाकी अडकली नव्हती, ताई. यीस्ट काम संपवून बसलंय. तुमचे आकडेही खरेच होते. ते यंत्र प्रकाश किती वाकतो ते बघतं, आणि अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. मण्याची गोडी बघायला ते ठीक, आंबलेल्या रसाला नाही."

आकडा तुम्हीही वाचू शकला असतात. दहा सेकंदांचं काम. पण सहा दिवस जिने स्वतःला गुन्हेगार ठरवलं होतं, तिच्याच तोंडून तुम्ही तो वदवून घेतलात. जाणकार माणसं मी बरीच पाहिली, बहुतेकांना आपलं ज्ञान समोरच्यावर ठेवायचं असतं. समोरच्याची मान वर करून मग दोन पावलं मागे सरणारं माणूस विरळा. तुमच्या घरच्यांना हे ठाऊक असेलच. आमच्या भागातल्या बाकीच्यांनाही कळू दे.

दुसरी टाकी मात्र खरीच थंडीने गारठून आंबायची थांबली होती. तिला गोधड्या गुंडाळायला तुम्ही रात्री एकपर्यंत थांबलात. तीन दिवसांनी ती पुन्हा बोलू लागली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. वाइनचा थेंबही तुम्ही घेत नाही, म्हणजे बाटली पाठवण्यातही अर्थ नाही. आईने यंदाच्या थॉमसन द्राक्षांचे बेदाणे करायला घातलेत, हिरवे, तुमच्या नातवंडांसाठी. वाळले की ती स्वतः घेऊन येईल. तेवढं परत पाठवू नका.

तुमची,
मोटारवाल्या शेडवरची मुलगी