सहलीतला अर्धा दिवस दफनभूमीसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतील सिंगापूर-मलेशिया सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या अंकात रोज येत आहेत. त्यांपैकी काहींत मलाक्काही आहे. परंतु तेथील बुकित चिना ही चिनी दफनभूमीची टेकडी मात्र एकाही कार्यक्रमपत्रिकेत दिसली नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आम्ही काही कोल्हापूरकर तेथे गेलो असता, ‘काका, स्मशानात काय बघायचं?’ असे म्हणत सहल व्यवस्थापकाने गाडी थेट बाजाराकडे वळवली. त्या वेळात आम्ही दोघांनी निदान बाबा-न्योन्या वारसा संग्रहालय गाठले. हे बाबा-न्योन्या म्हणजे तेथेच पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या चिनी वंशाच्या समाजातील एका घराण्याचे पूर्वीचे राहते घर असून, दारात कोण आले आहे हे वरून पाहण्यासाठी माडीच्या तक्तपोशीला ठेवलेले भोक पाहून पत्नीला आजोळचा वाडा आठवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवर चालत गेलो. बारा हजारांहून अधिक थडगी असलेली ही दफनभूमी चीनबाहेरील सर्वांत मोठ्या चिनी दफनभूमींपैकी एक मानली जाते. उतारावर घोड्याच्या नालेसारखी वळलेली थडगी होती आणि रंकाळ्यावर यावे तशी गावातली माणसे त्यांच्यामधून फिरायला आली होती. चिनी थडग्यांवर मृताच्या नावासोबत त्याचे चीनमधील मूळ गावही कोरण्याची रीत आहे. आम्हाला त्यातले एक अक्षरही वाचता येत नव्हते, तरी पाय निघेना.

सिंगापूरच्या बुकित ब्राऊन या अशाच चिनी दफनभूमीत १९२२ ते १९७३ या काळात सुमारे एक लाख दफने झाली. पुढे रुंद रस्त्यासाठी त्यातील हजारो थडगी उकरली गेली. उरलेल्या भागाची माहिती स्थानिक स्वयंसेवक हौसेने फिरून देतात. तेथील एका थडग्यावर पगडीधारी शीख पहारेकऱ्यांचे दगडी पुतळे उभे आहेत, एवढे सांगितले तरी आपल्याकडचे प्रवासी वाट वाकडी करतील असे वाटते. परदेश परवडत नसेल, तर कोलकात्याजवळ हुगळीकाठी अछिपूरला अठराव्या शतकात साखर कारखाना काढणाऱ्या टाँग आछ्यू या चिनी गृहस्थांचे लाल थडगे आहे.

पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेऊन, तांबडा-पांढरा ओरपून, टाऊन हॉल संग्रहालयातील ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती न पाहताच परतला, तर आपण हळहळतो. (आपल्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहे, हा प्रश्न वेगळा.) तेव्हा सहल कंपन्यांनी मलाक्क्यात बाजाराचा वेळ कापून अर्धा दिवस टेकडीला आणि त्या घराला द्यावा, ही विनंती. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग या पूर्वजांच्या स्मरणाच्या चिनी सणाच्या दिवशी कुटुंबे थडगी झाडून नैवेद्य मांडत असतात. त्या वेळी गेल्यास कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर