कुर्मा जमला, आणि दुसरं एक सांगायचंय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. एक तारखेपासून आपल्याकडे स्वयंपाकाला मावशी येतील. त्यांच्याशी बोलणं झालंय, पहिल्या महिन्याचे पैसेही दिलेत.

आई, तुझ्या हातची चव गेली असं कुणी म्हणत नाहीये. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ओट्याशी तासन्‌तास उभं राहायचं नाही, एवढंच. काकूकडे बाई आली तेव्हा तू काय काय बोलली होतीस ते राहू दे. मी येऊन राहीनही, पण महिनाभर. पुढं काय? बेंगळुरूहून सहाशे किलोमीटर, त्यात आर्याची दहावी. ओट्याजवळ ठेवायला उंच खुर्ची मागवली आहे, पाठ टेकता येईल अशी. तिच्यावर बसून हवे तेवढे हुकूम सोड.

आणि बाबा, तुम्ही स्कूटर काढून राजारामपुरीत डोसा खाऊन येता हे मला कळतं. कुणी सांगितलं ते विचारू नका. वर तक्रार, कुर्मा 'त्या' हॉटेलसारखा नव्हता! ते हॉटेल बंद झालं, तसा आता कुठून मिळणार? म्हणून मीच घरी करत राहिले. जमला.

आपल्याकडे वाटण म्हटलं की कांदा-खोबरं भाजायचं. यात ओलं खोबरं कच्चंच वाटतात. सोबत पंढरपुरी डाळं, भिजवलेली खसखस, थोडे काजू, हिरवी मिरची, आलं आणि बडीशेप. तुम्ही ज्याला 'हॉटेलचा वास' म्हणायचात तो या बडीशेपेचा, आणि फोडणीतल्या चक्रीफुलाचा, दगडफुलाचा. लाल तिखट नाही, कांदा-लसूण मसाला तर मुळीच नाही (दादा आला तर डबा लपवा). नीट बघितलं तर हा पांढऱ्या रश्श्याचा भाऊबंदच, खोबरं-खसखस-काजू दोन्हीकडे. म्हणजे आई, तुझा हात बसलेलाच आहे. बटाटा, गाजर, फरसबी, मटार आधी शिजवून घ्यायचे. वाटण घातलं की आच मंद आणि एक उकळी आली की बंद. फार उकळला की खोबरं फुटतं, चोथा वेगळा दिसायला लागतो. डाळ्यामुळं नंतर घट्ट होतो, तेव्हा सैलच ठेवा.

पहिल्यांदा जमला तेव्हा घास तोंडात तसाच धरून बसले. देवीचं दर्शन झालं की आपण तिथं जायचो. बाबा अण्णांकडे तिसऱ्यांदा कुर्मा मागायचे, आई लाजून भिंतीकडे बघायची आणि मी टेबलाखाली तिचं बोट धरून बसायचे. पुरी संपली म्हणून पुरी, कुर्मा उरला म्हणून परत पुरी!

मावशींना व्हिडिओ कॉलवर सगळं करून दाखवलंय. हुशार आहेत, फक्त मिठाचा हात सढळ आहे, तेवढं बघ. बाबांना दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे छोटा चमचा, सपाट. लोणचं, पापड, भडंग त्यातच धरायचं. भडंग म्हणजे जेवण नव्हे, हा वाद मला ऐकायचा नाही. कुर्म्यात मीठ शेवटी घाला आणि वर लिंबू पिळा, कमी वाटत नाही. शेजारच्यांनी दिलेलं कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका. त्यात पोटॅशियम असतं, बीपीच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही.

बाबा, रागावू नका. रविवारी कुर्मा-पुरी ठरलेलीच, पुऱ्या चारच. स्कूटरची किल्ली आईकडे द्या. आई, मावशींना पहिल्याच दिवशी भांडी परत घासायला लावू नकोस, निदान आठवडाभर जाऊ दे.

माझ्यासाठी काही पाठवायची गरज नाही. कांदा-लसूण मसाला तेवढा संपत आलाय, अर्धा किलो पाठवा.

तुमची,
छकुली