कार्व्हर अर्धेच नकोत

महोदय,

आमच्याकडच्या शाळांत अमेरिकेतले काळे शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची गोष्ट हमखास असते: गुलाम आईच्या पोटी जन्म, शिकण्याची जिद्द, भुईमूग. पण तिथल्या अलाबामा राज्याची जमीन सततच्या कापसाने खंगली होती आणि १९०६ पासून ते शिकवत त्या टस्कीगी संस्थेची घोडागाडी अवजारे घेऊन शेतकऱ्यांच्या धुऱ्यापर्यंत जायची, हे पऱ्हाटीवाल्या विदर्भातच कुणी सांगत नाही. ‘आधी शिका, कष्ट करा, हक्क मागून येतील’ म्हणणारे काळे नेते बुकर टी. वॉशिंग्टन, त्यांच्या या संस्थेत विटासुद्धा विद्यार्थ्यांनीच पाडल्या, भाजल्या.

एवढे करूनही काळ्यांचा रेल्वेडबा वेगळाच राहिला. म्हणून दुसरे काळे विचारवंत डु बॉईस मताधिकार आणि समान हक्कांसाठी अडून बसले. मला त्यांचेच पटते. ‘शिका, सुधारा’ हा उपदेश आमच्या गावातही भीमनगरातल्या पोरांनाच होतो. तिथली एक मुलगी नर्स झाली, अख्ख्या गावाचे बीपी तपासते; काही घरांत तिचा चहा मात्र अजून कडीच्या वेगळ्या कपात येतो. सुधारायचे कुणी? अमरावतीचे अंबादेवी मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून पंजाबराव देशमुख सवर्ण असून सत्याग्रहात उतरले होते.

येत्या १४ एप्रिलचे एखादे व्याख्यान पाटलांच्या वाड्यासमोर ठेवा. खुर्च्या भीमनगरवाले आणतील, ऐकणारे तेवढे तुम्ही आणा.

— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ