स्टेशनाजवळची वस्ती आधी

महोदय,

घोडबंदरच्याही पुढे विरळ प्लॉट पाडण्याची घाई चिंताजनक आहे. १५ मीटर रुंदीच्या प्लॉटांवरचे १०० बंगले रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसवले, तर ७५० मीटर जलवाहिनी लागते. तेवढी घरे एका इमारतीत एका जोडणीवर भागतात. वाहिनी लांबली की सांधे वाढतात, गळती वाढते, शेवटच्या नळाला दाब उरत नाही. मग टँकर! मलवाहिनी नसलेल्या बंगल्यांची सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसली नाही, तर गाळ सांडपाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्यात उतरून खड्डाच तुंबतो.

ठाण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास आधी स्टेशनपासून ८०० मीटरच्या आत, म्हणजे दहा मिनिटांच्या चालीत करा. तिथले पदपथही मोकळे हवेत, नाहीतर लोक रिक्षाच पकडतील.

— पाणीपुरवठा क्षेत्रातील काही अभियंते, ठाणे